खुर्चीखालचा मजला

...नाही गं, चक्कर बिक्कर काही आली नव्हती त्याला. तू आपली पाण्याचा पेला घेऊन धावलीस, घरमालकीण खुर्ची घेऊन धावली, आणि हा बाबा त्यांच्या हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभा. तो ऐकत होता. काय म्हणजे काय, मजला ऐकत होता. नव्या घरात पाऊल टाकलं की तुझ्या मामाआजोबाचं हे असंच. बाकीचे लोक भिंतींचा रंग बघतात, स्वयंपाकघर बघतात, खिडकीतून काय दिसतं ते बघतात. हा खोलीच्या मध्यावर जातो, चवड्यांवर उंच होतो आणि एकदम टाचांवर धप्पकन येतो. मग श्वास रोखून उभा. हादरा किती रेंगाळतो ते तळपायांनी चाखतो म्हण ना. पटकन विरला तर मान डोलावतो. रेंगाळला तर ओठ मुडपतो, आणि मग घरमालकाचा चेहरा बघावा. म्हणून तर तुम्ही पोरं त्याला टाचआजोबा म्हणता. आता लिहायला बसलीच आहेस तर त्याचं नीट लिहून काढ. मी बोलते तसंच लिही, मध्ये मध्ये शुद्ध करत बसू नकोस.

माझा पाठचा भाऊ तो. आमचं लहानपण गेलं तळमजल्यावर. पुढच्या खोलीत वडिलांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. वडील दिवसभर ठोकाठोक करायचे, पण शेजारी ठेवलेल्या कपातला चहा हलायचा नाही. खाली दगडी फरशी, फरशीखाली माती, मातीखाली आणखी माती. आमची आई, म्हणजे तुझी पणजी, लग्न होऊन त्या घरात आली ती तिथंच रुजली. अख्ख्या जन्मात ती कुणाच्या डोक्यावर राहिली नव्हती की तिच्या डोक्यावर कुणी राहिलं नव्हतं.

भाऊ शिकला, इंजिनियर झाला. सगळ्यांना वाटलं, आता हा पूल बांधणार, मनोरे बांधणार. तर हा गेला एका कचेरीत, जिथं मजल्यांचे हादरे तपासतात. वडिलांना काही केल्या उमजेना. ते विचारायचे, म्हणजे इमारत पडणार की नाही ते सांगतोस का? हा म्हणायचा, ते सांगणारे वेगळे. इमारत पडत नाही, पण आत बसणाऱ्याला छळते, ते मी बघतो. वडील म्हणायचे, मग त्या छळणाऱ्या इमारतीला तू काय बोलून समजावतोस का? आणि मिशीत हसायचे.

पण खरंच बाई, तसं काम असतं. मलाही त्यानेच समजावून सांगितलं होतं. प्रत्येक मजल्याची आपली एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटाने ढकललं तरी तो उंच जातो, आणि भलत्या वेळी ढकललं तर आपलाच हात दुखतो. मजल्याचंही तसंच. चालणाऱ्याच्या पावलांची लय आणि मजल्याची लय जुळली की तो थरथरायला लागतो. मग टेबलावरचं पाणी डुचमळतं, लिहिणाऱ्याचं अक्षर बिघडतं, कुणाचं डोकं दुखतं आणि कुणालाच कळत नाही का दुखतंय. हा जातो, डब्याएवढं एक यंत्र मजल्यावर ठेवतो, लोकांना चालायला लावतो, आणि नागमोडी रेषांवरून सांगतो काय करायचं ते. कुठं खालून आधार द्यायचा, कुठं भिंत घालायची, कुठं नुसतं जड कपाट हलवायचं. एकदा तर एका इमारतीत वरच्या मजल्यावर बायकांचा उड्या मारायचा व्यायामवर्ग होता आणि खाली दात काढणारा डॉक्टर. तू विचार कर. दुरुस्ती होईपर्यंत याने वर्गातल्या गाण्याचा ठेका बदलायला लावला, संथ केला. खालचा डॉक्टर खूश, पण त्या बायका याच्यावर इतक्या चिडल्या की जिन्यात दिसला की त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

तर वडील गेले आणि आई त्या तळमजल्यावर एकटी उरली. डोळे अधू झाले होते. दुधावर झाकण ठेवलं की नाही ते हाताने चाचपून बघायची. भावाचा जीव वर-खाली व्हायचा. तो आणि आमची भावजय तेव्हा चौथ्या मजल्यावर नव्या घरात राहत होते. भावजय इस्पितळात परिचारिका. लांबच लांब वॉर्ड दिवसभर तुडवायचा, त्यामुळे तिची चाल अशी झाली होती की काही विचारू नकोस. टाच आधी, मग पाऊल, आणि सगळं घाईत. तिचीच पोरं म्हणायची, आई येते ते आधी कपाटातल्या वाट्यांना कळतं, मग आम्हाला. तीही हसायची. मनाने अगदी लोण्यासारखी बाई. सासूला आणायचंच म्हणून नवऱ्याच्या मागे लागली ती तीच.

आई हो-ना करता करता तयार झाली. मग भावाला काय करू नि काय नको असं झालं. घरात दोन छोट्या खोल्या होत्या लागून, मधे भिंत. याला वाटलं, आईला अंधारात का ठेवायचं? भिंत काढली की एक मोठी खोली, दोन्हीकडच्या खिडक्यांचा उजेड, अधू डोळ्यांना बरं. इंजिनियरच तो, त्याने आधी नीट बघितलं. त्या भिंतीवर वरचं काही ओझं नव्हतं, नुसती आडोशाला उभी होती. काढली तर इमारतीला काही होणार नव्हतं. गवंडी आणला, भिंत काढली, लाद्या जुळवल्या. आणि खोलीच्या बरोबर मध्यावर, जिथं दोन्हीकडून ऊन येतं तिथं, आईची वेताची खुर्ची मांडली. मला बोलावून दाखवली होती खोली. इतका खूश होता, जसं काही आईला महालच बांधून दिलाय.

आई आली. पोरं तिच्या गळ्यात पडली, भावजयीने सुट्टी घेतली, पहिले दिवस कसे गेले कळलंच नाही. मग सुट्टी संपली, पोरांची शाळा सुरू, घर आपापल्या कामाला लागलं. आणि आई एक दिवस भावाला म्हणाली, बाळा, माझी खुर्ची कुणीतरी हलवतं.

त्याने विचारलं, कोण हलवतं? ती म्हणाली, ते मला काय माहीत. मी एकटी बसलेली असते, आणि मागून कुणीतरी खुर्चीला हात लावून हळूच गदगद करतं. मळमळायला लागतं. ही इमारत पडणार तर नाही ना?

झालं. भाऊ हसला. म्हणाला, आई, ही इमारत तुझ्या-माझ्या नातवंडांनंतरही उभी राहील, अजिबात पडणार नाही. आई म्हणाली, बरं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भाऊ प्रत्येक वेळी शपथेवर सांगायचा, पडणार नाही. अगं, ती म्हणायची हलतंय, हा म्हणायचा पडणार नाही. दोघंही खरं तेच बोलत होती, पण एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर कुणीच देत नव्हतं.

डॉक्टर झाले. कान तपासले, रक्तदाब तपासला. सगळं वयाच्या मानाने उत्तम. मग भावाने सुट्टीच्या दिवशी कचेरीतलं यंत्र घरी आणलं. अरे बापरे, काय तो सोहळा. मीही होते तिथं, खालच्या मजल्यावरच्या बाईही वर आल्या होत्या. संगीत शिकवायच्या त्या, आईची आणि त्यांची चांगलीच गट्टी जमली होती. पोरं, पोरांचे मित्र, सगळे भिंतीला पाठ लावून ओळीने उभे. आई खुर्चीत. भाऊ मधे गेला, चवड्यांवर उठला, धप्पकन टाचा टाकल्या, पोरं खो खो हसली. मग भावजयीला म्हणाला, तू चाल. ती चालली या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे बघताहेत म्हणून जरा लाजून. यंत्रावरची रेषा जवळजवळ सरळ. आईला विचारलं, आत्ता हललं का? आई म्हणाली, आत्ता नाही हललं. पुढच्या सुट्टीला पुन्हा तोच खेळ, पुन्हा सगळे हजर, पुन्हा काही नाही.

भाऊ आईच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि म्हणाला, “आई, मजला अगदी चांगला आहे गं. तुझ्या मनाचा खेळ आहे.”

आई यावर काही बोलली नाही. हेच वाईट. आमची आई बोलायची थांबली की समजायचं, तिने काहीतरी ठरवलंय. संध्याकाळी बघितलं तर पलंगावर तिची पेटी उघडी. कपड्यांच्या घड्या घालून ठेवतेय. कुणावर राग नाही, आवाज चढवणं नाही. मला माझ्या घरी सोडून ये, एवढंच.

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तळमजल्यावर ती एकटी, डोळ्यांना दिसत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे भावजय. तिच्या मनाने वेगळंच घेतलं. तिला वाटलं, मजल्याचं निमित्त आहे, सासूबाईंना खटकते ती मीच. दोन दिवस ती घरात मोजे घालून चवड्यांवर चालत होती गं, चोरासारखी. शेवटी तिला राहवलं नाही. खोलीच्या दारात उभी राहून तिने सरळ विचारलं.

“आई, माझी चाल तुम्हाला सहन होत नाही ना? खरं सांगा. मी मनाला लावून घेणार नाही.”

“तुझी चाल?” आई म्हणाली. “अगं, तुझी चाल ऐकली की बरं वाटतं मला. डोळ्यांनी दिसत नाही, पण कळतं, घरात माझं माणूस आहे. माझं भांडण तुझ्या पायांशी नाही. या जमिनीशी आहे.”

भावजय रडली थोडी, आईने तिच्या पाठीवर हात फिरवला, पण पेटी काही परत रिकामी केली नाही. जायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी पोरं शाळेत गेलेली. आई खालच्या संगीतवाल्या बाईंचा निरोप घ्यायला गेली होती. भावजय स्वयंपाकघरात आईबरोबर द्यायचे डबे भरत होती. भाऊ एकटाच आईच्या खोलीत पेटीला दोरी बांधत होता. गाठ नीट बसेना म्हणून पेटी जवळ ओढली आणि टेकायला म्हणून खुर्चीत बसला. रिकामी खोली, मधे खुर्ची, आणि खुर्चीत हा. तेवढ्यात भावजय आतल्या खोलीतून काहीतरी आणायला निघाली. सासूने समजूत घातली तरी ती अजून जपून चवड्यांवरच चालायची, पण डबे भरायच्या घाईत ते विसरली. आपल्या नेहमीच्या चालीने, धडधड धडधड, खोलीच्या कडेने गेली.

आणि खुर्ची हलली.

नुसती हलली नाही गं. तिच्या एकेका पावलागणिक वाढत गेली. पायापासून मांडीपर्यंत, मांडीपासून पोटापर्यंत. भाऊ सांगतो, त्याला अगदी तसंच वाटलं, मागून कुणीतरी पाठीला धरून हळूच गदगद केल्यासारखं. तो जागचा हलला नाही. दोरी हातात तशीच.

त्याने हाक मारली, म्हणाला, पुन्हा चाल. ती दारातून डोकावली. “आता तुम्हालाही व्हायला लागलं?” तिने विचारलं, अर्धी थट्टेत, अर्धी घाबरून. तो म्हणाला, तू आत्ता चाललीस तशीच चाल, इस्पितळात चालतेस तशी. ती चालली. पुन्हा खुर्ची हलली. मग हळू चालायला लावलं, तर नाही. धावायला लावलं, तर थोडीशी. पण तिच्या रोजच्या चालीने गेली की मजला नाचायलाच लागायचा. तिची लय आणि मजल्याची लय अगदी एक.

मग त्याने कपाळाला हात लावला. कारण आता त्याला सगळंच दिसलं. वाजणाऱ्या भांड्यावर हात ठेवला की आवाज बंद होतो ना, तशी मजल्यावर उभी असलेली माणसं त्याची थरथर गिळून टाकतात. माणसाचं अंग मऊ असतं, ते हादरा शोषून घेतं. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल, पण याला होतं. त्याच्या कामातला पहिलाच नियम तो. मोजायच्या आधी खोली रिकामी करायची. मोठमोठ्या साहेबांना त्यांच्याच दालनातून बाहेर काढून दार लावून घेतो हा. आणि स्वतःच्या घरी? आईसाठी सगळे इतके हौसेने जमलेले, त्यांना बाहेर जा कसं म्हणायचं, म्हणून गर्दीत मोजत बसला. सगळं गणगोत त्या मजल्याला धरून उभं, मग तो हलेल कसा? आई एकटी पडायची तेव्हाच तो हलायचा.

आणि दुसरी गोष्ट तर त्याहून खुपली त्याला. ती भिंत. तिच्यावर कसलं ओझं नव्हतं हे खरं, पण ती वर छतापर्यंत आणि खाली मजल्यापर्यंत घट्ट बसलेली होती. उभी राहून ती आपली गुपचूप मजल्याला आवरून धरत होती. याने आईवरच्या मायेपोटी ती काढून टाकली, आणि जिथं मजला सगळ्यात जास्त झुलणार नेमकी तिथं, मध्यावर, उजेड बघून आईची खुर्ची मांडली. इमारत पडेल का हे बघितलं, आणि ज्यात आयुष्य घातलं होतं तेवढंच बघायचं विसरला.

तसाच चपला न घालता धावत खाली गेला. संगीतवाल्या बाईंच्या घरी आई पेटीच्या बाजूला बसली होती, कपड्यांची पेटी नव्हे गं, वाजवायची. हा दारातूनच म्हणाला, “आई, हलतं. तू म्हणत होतीस तस्सं हलतं. मी बसून बघितलं.”

आईने त्याच्याकडे तोंड वळवलं. म्हणाली, “मग पडणार का?”

“नाही. पडणार नाही. पण हलतं, आणि ते माझ्यामुळे हलतं. तुझी खोली मोठी करायला मी भिंत काढली ना, म्हणून.”

“मला मोठी खोली कुणी मागितली होती?” आई म्हणाली. “मला दिसतं का काही त्यातलं?”

संगीतवाल्या बाई सांगतात, त्यावर भाऊ हसला की रडला ते त्यांना कळलं नाही. आई मात्र हसली. पण लगेच पाघळली असं समजू नकोस. तिने साफ सांगितलं, आधी हलणं थांबव, मग पेटी सोडते. दोरी तशीच राहू दे.

मग काय, कामच काम. भावाने पहिल्यांदा खुर्ची मध्यावरून उचलली आणि कोपऱ्यातल्या खांबाशी नेली. खांबाजवळ मजला फारसा हलत नाही, तिथं त्याला धरायला कुणीतरी असतं. गवंडी मोकळा व्हायला वेळ होता. तोवर त्याने घरात फर्मान काढलं, आई एकटी बसायची नाही, आणि भिंत होईपर्यंत प्रत्येकाने आपलं काम घेऊन तिच्या खोलीत बसायचं. पोरांना वाटलं आजीला सोबत म्हणून. ती सोबत तर होतीच, पण हा त्यांना खरं तर वजनं म्हणूनच बसवत होता. धाकटा मधे लोळायचा, थोरली भिंतीशी अभ्यास करायची, भावजय भाजी निवडायला तिथंच. खालच्या बाई चहा घ्यायला वर यायच्या. आई म्हणायची, खोली कसली, धर्मशाळा केली माझी. पण चहाच्या वेळी एखादं माणूस कमी असलं की पहिलं तीच विचारायची, तो कुठाय, ती अजून आली नाही का.

भिंत झाली. पूर्वीच्याच जागी, वर-खाली घट्ट दाबून बसवलेली. भावाने या वेळी फक्त तिच्यात वरच्या बाजूला काच घातली, उजेड इकडून तिकडे जावा म्हणून. मग मोजायचा दिवस आला. त्याने सगळ्यांना घराबाहेर काढलं, अगदी कडक आवाजात. पोरं जिन्यात, मी जिन्यात. आईलाही म्हणाला, तूही बाहेर हो, तुझंही वजन लागतं मजल्याला. ती म्हणाली, चिमणीएवढी मी, माझं कसलं वजन, आणि बसायचं आहे ते मलाच ना? उठलीच नाही. खुर्ची खांबापासून काढून भिंतीअलीकडच्या आपल्या खोलीच्या मध्यावर ठेवायला लावली आणि हात मांडीवर घेऊन बसली. भाऊ दाराबाहेरून यंत्राची रेषा बघत होता. भावजय चालली, तीच चाल, धडधड धडधड.

यंत्राचं काही कळायच्या आधी आतून आवाज आला, “सोड रे ती दोरी.”

त्यानंतर आई आमची शेवटपर्यंत तिथंच राहिली, आणि सुखाने राहिली. पोरांनी काही त्या खोलीतला मुक्काम हलवला नाही. भिंत होऊनही धाकटा तिच्याच पायाशी लोळायचा, आणि आता गरज नाही असं त्याला कुणी सांगितलंही नाही.

भावाची कामाची रीत तेवढी बदलली. आता कुठंही तक्रार बघायला गेला की यंत्र पिशवीतच ठेवतो. आधी विचारतो, तक्रार करणारं माणूस कुठं बसतं. मग त्याला उठवून त्याच्याच खुर्चीत बसतो, आणि बाकीच्यांना सांगतो, जा, आपापलं काम करा, मला विसरून जा. कचेरीतले लोक थट्टा करतात. म्हणतात, साहेबांनी आज दिवसभरात किती खुर्च्या उबवल्या? हा म्हणतो, मोजल्या नाहीत.

झालं बघ. आता खाली एवढं जोड. हे जो कुणी वाचेल त्याला सांग, तुमच्या घरात एखादं माणूस दिवसभर एकाच जागी बसून असेल, आजी असेल, दुखणेकरी असेल, घरबसल्या शिवण करणारी असेल, तर त्या माणसाला माझा निरोप द्या. म्हणावं, एका म्हातारीने सांगितलंय, काही हलत असलं तर पेटी भरायच्या आधी पुन्हा एकदा बोला, आणि घरच्यांना म्हणावं, सगळे बाहेर जा नि एकेकाने येऊन माझ्या खुर्चीत बसून बघा.